विषय हार्ड : प्रोसेसरच्या खिशात पत्त्यांची चिठ्ठी ठेवणारा टॉम किलबर्न

राजारामपुरीत पाचवी गल्ली आहे आणि शाहूपुरीतही पाचवी गल्ली आहे. कोल्हापुरात नवीन कुरिअर वाटणाऱ्या पोराचा पहिला घोळ इथंच होतो.

तुमच्या मोबाईलच्या प्रोसेसरसमोर हाच घोळ सतत उभा असतो. तो निस्तरण्याची सुरुवात ज्यानं केली, त्या टॉम किलबर्नची ही गोष्ट.

गडी ११ ऑगस्ट १९२१ चा, इंग्लंडमधल्या ड्यूसबरी गावचा. केंब्रिजला गणित शिकला. युद्ध सुरू होतं, म्हणून १९४२ मध्ये रडारच्या संशोधनात गेला. तिथं त्याचे साहेब होते फ्रेडी विल्यम्स. युद्ध संपल्यावर दोघं मँचेस्टर विद्यापीठात आले आणि रडारच्या पडद्याची नळी घेऊन तिच्यात आकडे साठवायच्या मागे लागले.

२१ जून १९४८ ला त्यांच्या ‘बेबी’ यंत्रानं किलबर्ननं लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्रॅम ५२ मिनिटं चालवून बरोबर उत्तर दिलं. स्वतःच्या मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारं हे पहिलं इलेक्ट्रॉनिक यंत्र. मेमरी किती? १२८ बाइट्स. आजच्या मोबाईलवर मराठीतली जेमतेम एक ओळ.

पण खरा विषय पुढं आहे.

ॲटलस हा किलबर्नचा मोठा संगणक ७ डिसेंबर १९६२ ला सुरू झाला. (आपल्याकडे तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक चालत होता.) वेगवान मेमरी महाग, त्यामुळं ती कमी. बाकीचा माल फिरत्या ड्रमवर. कुठला तुकडा कधी आत आणायचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच बघावं लागायचं आणि त्यात त्याचे दिवसच्या दिवस जायचे. किलबर्नच्या टीमनं हे काम यंत्रावरच सोपवलं. मेमरीची ५१२ शब्दांची पानं पाडली आणि कुठलं पान कुठं आहे हे सांगणारे ३२ रजिस्टर बसवले. पत्ता आला की सगळे एकदम तपासायचे.

पुढं मेमरी वाढत गेली आणि एवढ्या रजिस्टरांत सगळी पानं मावेनात. मग पूर्ण वही मेमरीत आणि नुकत्याच लागलेल्या पत्त्यांची छोटी चिठ्ठी प्रोसेसरच्या खिशात, अशी सोय झाली. ही चिठ्ठी म्हणजे टीएलबी. पत्ता चिठ्ठीत सापडला तर काम झटक्यात. नाहीतर वही उघडा, आणि आजच्या ६४ बिट प्रोसेसरवर त्यासाठी मेमरीत चार-चार हेलपाटे पडू शकतात.

ऑपरेटिंग सिस्टीम एका ॲपवरून दुसऱ्यावर गेली की घोटाळा होतो. पाचवं पान दोघांचंही असतं, पण जागा वेगळी. चिठ्ठीवर नुसतं ‘पाचवी गल्ली’ लिहिलंय, पेठ बदलली, म्हणजे चिठ्ठी फाडा. फाडायला वेळ लागत नाही हो. मार बसतो तो नंतर, प्रत्येक पत्ता नव्यानं विचारताना. त्यात प्रोसेसरला आठ कोअर असतील आणि एखाद्या पानाची जागा बदलली, तर ते पान वापरणाऱ्या बाकीच्या कोअरना हातातलं काम थांबवून जुनी नोंद खोडायला लावावी लागते.

यावर उपाय साधा. चिठ्ठीवर पेठेचं नाव लिहायचं. आणि भारी गोष्ट म्हणजे हा उपाय किलबर्नच्याच पुढच्या एमयू-५ या यंत्रात होता. १९६६ ला त्याचं काम सुरू झालं होतं. पत्त्याच्या नोंदीसोबत प्रोसेसचा नंबर लिहिलेला, त्यामुळं चिठ्ठी फाडायची गरजच नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अशी खूण यायला २०१० उजाडलं!

१९६४ मध्ये त्यानं मँचेस्टरला संगणकशास्त्राचा वेगळा विभाग उभा केला, १९८१ ला निवृत्त झाला. मँचेस्टर युनायटेडचा पक्का चाहता. १७ जानेवारी २००१ ला तो गेला.

त्यानंतर १७ वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, मेल्टडाऊन नावाची प्रोसेसरमधली चूक जगासमोर आली. ती बुजवायला ऑपरेटिंग सिस्टीमची वही आणि ॲपची वही वेगळी करावी लागली. म्हणजे ॲपनं सिस्टीमकडे काहीही मागितलं की वही बदलायची. ज्या प्रोसेसरच्या चिठ्ठीवर पेठेचं नाव होतं, ते बऱ्यापैकी निभावले. जुन्यांना दर वेळी चिठ्ठी फाडावी लागली, आणि सिस्टीमला सारख्या हाका मारणारे डेटाबेस सर्व्हर त्यात सगळ्यात जास्त मंदावले.