खाली समुद्र, इंजिनात ऑइल नाही: उडत्या विमानातून बाहेर पडलेल्या गॉर्डन टेलरची गोष्ट

बाइक असो, ट्रॅक्टर असो की एटीव्ही, ऑइल कमी झाल्याची लक्षणं साधारण सारखीच असतात. इंजिन नको तितकं तापतं, आवाज बदलतो, ऑइलचा दिवा लागतो. अशा वेळी कुठलाही मेकॅनिक पहिल्यांदा एकच सांगेल, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

15 मे 1935 रोजी पॅट्रिक गॉर्डन टेलर यांना हा सल्ला पाळणं शक्य नव्हतं. ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या समुद्रावर, हवेत होते.

टेलर यांचा जन्म 21 ऑक्टोबर 1896 चा, सिडनीच्या मॉसमन भागातला. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये लढाऊ वैमानिक होते आणि 1917 मध्ये त्यांना मिलिटरी क्रॉस मिळालं. पण त्यांची खरी ओळख झाली ती नॅव्हिगेटर म्हणून. जीपीएस वगैरे काही नसताना, सूर्य-ताऱ्यांवरून आणि गणितावरून समुद्रात रस्ता शोधायचं काम. 1934 मध्ये चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ यांच्यासोबत त्यांनी ऑस्ट्रेलियाहून अमेरिकेपर्यंत प्रशांत महासागर पार केला. त्या दिशेनं हा प्रवास विमानानं पहिल्यांदाच होत होता.

पुढच्याच वर्षी राजे पाचवे जॉर्ज यांच्या कारकिर्दीला 25 वर्षं झाली. त्यानिमित्त न्यूझीलंडला खास टपाल न्यायचं ठरलं. विमान होतं 'सदर्न क्रॉस'. तीन इंजिनांचं, नामांकित, पण तोवर चांगलंच जुनं झालेलं. किंग्सफर्ड स्मिथ, टेलर आणि रेडिओ ऑपरेटर जॉन स्टॅनेज असे तिघं मध्यरात्रीनंतर निघाले.

शेकडो किलोमीटर गेल्यावर मधल्या इंजिनाच्या एक्झॉस्टचा तुकडा तुटला आणि थेट उजव्या इंजिनाच्या पंख्यावर आदळला. पंख्याचं पातं मोडलं. ते इंजिन बंद करावं लागलं आणि विमान सिडनीकडे वळवलं. दोन इंजिनांवर वजन पेलेना, म्हणून सामान समुद्रात फेकलं. शेवटी ज्यासाठी निघाले होते ते टपालही गेलं.

तरी संकट टळलं नव्हतं. पूर्ण ताकदीनं चालणारं डावं इंजिन भराभर ऑइल खात होतं, आणि त्याच्या ऑइल प्रेशरचा काटा खाली येऊ लागला.

प्रेशर पडणं म्हणजे नेमकं काय? इंजिनात बेअरिंग आणि शाफ्ट, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो गेला की धातूवर धातू घासतो, उष्णता वाढते, बेअरिंग वितळायला लागतं आणि इंजिन जाम होतं. त्यात ही इंजिनं हवेनं थंड होणारी होती. पाणी नसल्यामुळे आतली बरीचशी उष्णता बाहेर न्यायचं कामही ऑइलच करायचं. डावं इंजिन बसलं असतं तर एकट्या मधल्या इंजिनावर विमान तरंगणं शक्य नव्हतं.

आता यातली हुशारी बघा. या विमानात प्रत्येक इंजिनाची ऑइलची टाकी वेगळी होती. उजवं इंजिन बंद होतं, म्हणजे त्याच्या टाकीतलं ऑइल नुसतंच पडून होतं! प्रश्न एवढाच, की ते तिकडून इकडे आणायचं कसं?

टेलर बाहेर पडले. इंजिन आणि विमानाचं धड यांना जोडणारी एक आडवी दांडी होती, तिच्यावर पाय ठेवत, वाऱ्याचा मारा सोसत ते उजव्या इंजिनापर्यंत गेले. तिथलं झाकण उघडून त्यांनी ऑइल थर्मासमध्ये काढलं. स्टॅनेज आत उभे होते. एका सुटकेसमध्ये ते ऑइल जमा करायचं, असा हा सगळा जुगाड.

डावी बाजू आणखी अवघड होती, कारण तो पंखा फिरत होता. त्याच्या झोतात टेलरना पुढे सरकताच येईना. मग किंग्सफर्ड स्मिथ यांनी आधी विमान वर चढवलं आणि नंतर त्या इंजिनाची ताकद कमी केली. विमान खाली येत असताना, तेवढ्या वेळात टेलरनी ऑइल ओतलं. आत काटा पुन्हा वर चढला.

पण हा उपाय तात्पुरताच होता. थोड्या वेळानं काटा परत खाली. टेलरनी ही खेप एकूण सहा वेळा केली, तेव्हा कुठे 'सदर्न क्रॉस' सिडनीच्या मॅस्कॉट विमानतळावर उतरलं. या कामगिरीसाठी 1937 मध्ये त्यांना एम्पायर गॅलंट्री मेडल मिळालं. पुढे ते बदलून जॉर्ज क्रॉस देण्यात आलं.

किंग्सफर्ड स्मिथ मात्र त्याच वर्षी गेले. नोव्हेंबर 1935 मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाताना त्यांनी अलाहाबादहून सिंगापूरसाठी उड्डाण केलं आणि ब्रह्मदेशाजवळच्या समुद्रावर विमान बेपत्ता झालं. त्या विमानात टेलर नव्हते.

टेलर उडत राहिले. 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाहून आफ्रिकेपर्यंत हिंदी महासागर, 1951 मध्ये 'फ्रिगेट बर्ड टू' या विमानातून थेट चिली. 1954 मध्ये ते 'सर' झाले. 15 डिसेंबर 1966 रोजी होनोलुलूमध्ये, वयाच्या 70 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. चिलीला गेलेलं ते विमान सिडनीच्या पॉवरहाउस म्युझियमनं जपून ठेवलंय.