पालीच्या मागे गेलेला माणूस : धर्मानंद कोसंबी

दर रविवारी विहारात आपण त्रिशरण-पंचशील म्हणतो. लहान पोरंसुद्धा न अडखळता म्हणतात. पण ही भाषा कोणती आणि ती आपल्या नागरी अक्षरांत कशी आली, हे विचारलं तर मोठी माणसंही गप्प होतात. खरं तर नाशिककरांनी या प्रश्नाला गप्प बसू नये. आपल्या त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, म्हणजे पालीच्या नात्यातली. भिक्खुसंघाला कोणी काय दान दिलं ते त्यात कोरलेलं आहे. ते वाचणारा माणूस उरला नाही आणि लेणी पांडवांची झाली. डोंगर तोच, लेखही तेच, फक्त नाव दुसऱ्यानं ठेवलं.

पालीशी मराठी माणसाची पुन्हा गाठ घालून देणाऱ्यांत धर्मानंद दामोदर कोसंबी यांचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यात साखवाळ या गावी झाला. घरात कोकणी, राज्य पोर्तुगीजांचं आणि वाचायची गोडी मराठीची. तब्येत नाजूक, शाळा जेमतेम, काम नारळाच्या बागेचं. अशा माणसाला बुद्ध भेटला तो 'बालबोधमेवा' या मुलांच्या मराठी मासिकातल्या एका लेखातून. कुठल्या मोठ्या ग्रंथातून नाही, साध्या मराठीतून. पण तेवढ्यावर त्यांचं मन भरेना. बुद्धाचं म्हणणं मुळातून कळायला हवं, ही तळमळ लागली.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मागे पत्नी बाळाबाई आणि लहान मुलगी. त्या माउलीनं मागं काय सोसलं असेल ते चरित्रकार दोन ओळींत उरकतात, आपण तरी तसं करू नये.

पुणे, ग्वाल्हेर करत ते काशीला गेले. अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. सारस्वत ब्राह्मण म्हणून त्या पंगतीत बसता आलं हे विसरून चालणार नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांनी मुंबईत शाळकरी भीमरावाला संस्कृत नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली. एकाला जी भाषा जन्मानं मोकळी, तीच दुसऱ्याला जन्मानं बंद. आपण कोण, हे शाळेच्या दारातच सांगितलं जात होतं ते असं.

काशीहून कोसंबी नेपाळला गेले, तिथं निराशा झाली. मग बोधगया, आणि तिथून १९०२ मध्ये सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांनी पाली शिकायला घेतली आणि श्रामणेर झाले. इथं काशीची पुण्याई कामाची नव्हती, अक्षरओळखीपासून सुरुवात. कारण पालीला स्वतःची अशी लिपी नाही. लंकेत ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी, सयामात सयामी, आणि इंग्रजांनी छापली ती रोमन अक्षरांत. जिथं उगवली त्या भारतात नागरीत मात्र पुस्तकं सापडणं मुश्कील.

पुढं ते ब्रह्मदेशातही राहिले. परत आल्यावर कलकत्त्यात पाली शिकवू लागले, पगार चांगला होता. तो सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे महिना ५० रुपये पत्करले. अट एवढीच, महाराष्ट्रात राहायचं आणि मराठीत पुस्तकं लिहायची. मला त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह' ही पुस्तकं या काळातली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९१२ ते १९१८ त्यांनी पाली शिकवली. अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाच्या वाऱ्या झाल्या त्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी. १९२९ मध्ये रशियातही जाऊन आले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला.

ते गांधीजींच्या जवळचे आणि आपली वाट बाबासाहेबांची, हा फरक आहेच. तो झाकायचं कारण नाही. पण १९३७ मध्ये त्यांनी बहुजन विहार उभारला तो मुंबईत परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत. १९४० मध्ये 'विसुद्धिमग्ग' नागरी अक्षरांत छापून आणला. त्याच सुमारास मराठीत 'भगवान बुद्ध' लिहिलं. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही ऐकीव कथा त्यांना पटली नव्हती. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा झगडा, हे कारण त्यांनी 'बोधिसत्त्व' नाटकात मांडलं. बाबासाहेबांच्या ग्रंथातही आपण तेच वाचतो.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला, आजारपणात स्वेच्छेनं अन्न सोडून त्यांनी देह ठेवला. नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात भिक्खू चंद्रमणींनी बाबासाहेबांना त्रिशरण दिलं ते पालीत, आणि बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत.

आता आपल्या गंगापूर रोडकडची बरीच मुलं इंग्रजी शाळेत जातात. वंदनेची पुस्तिका त्यांच्यासाठी रोमन अक्षरांत छापावी, अशी सूचना बैठकीत आली आणि वादही झाला. माझं म्हणणं असं की, अक्षरं कोणतीही चालतील, पालीनं बर्मी चालवून घेतली तशी रोमनही चालवून घेईल. पण प्रत्येक ओळीखाली मराठी अर्थ पाहिजेच आणि तो पोरांना घरी आई-बापानं समजावून सांगितला पाहिजे. तोवर या वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन संपलं की 'भगवान बुद्ध' घ्यावं. पुस्तकाची एक प्रत मी विहाराच्या कपाटात ठेवली आहे.