विश्लेषण : बिशपांची हरकत ते चर्चची दिनदर्शिका, पंडिता रमाबाईंचा प्रवास कसा झाला?

चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस पंडिता रमाबाईंच्या स्मरणाचा आहे. तिथे त्यांची नोंद पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार अशी होते. मात्र १८८५ मध्ये याच चर्चच्या भारतातील दोन बिशपांनी रमाबाईंनी पुरुषांना शिकवू नये, असे मत दिले होते. दीक्षा न घेतलेल्या, त्यातही स्त्री असलेल्या व्यक्तीने धर्मकार्यासाठी किती शिकावे, कोणाला शिकवावे आणि त्याची परवानगी कोणी द्यावी, हा त्या वादाचा गाभा होता.

प्रापंचिक सेवक म्हणजे कोण?

अँग्लिकन चर्चमध्ये बिशप, प्रीस्ट आणि डीकन हे दीक्षितांचे तीन दर्जे. उरलेले सगळे प्रापंचिक. प्रापंचिकांना प्रशिक्षण देऊन उपासनेत वाचन व प्रवचन करू देणारे ‘रीडर’ हे पद इंग्लंडमध्ये १८६६ साली पुन्हा सुरू झाले, पण ते पुरुषांसाठी. स्त्रियांना धर्मभगिनी, शिक्षिका किंवा घरोघरी जाऊन शास्त्र वाचून दाखवणारी ‘बायबल वुमन’ असे मोजके मार्ग होते.

वऱ्हाडातील वाचकाला हा भेद अगदीच परका नाही. अंजनगाव सुर्जीला देवनाथ मठाची कीर्तनपरंपरा आहे. गाभाऱ्यात पूजा करणारा वेगळा आणि मंडपात उभा राहून निरूपण करणारा वेगळा, हे तिथल्या श्रोत्याला सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की अँग्लिकन व्यवस्थेत मंडपातल्या माणसालाही बिशपांची परवानगी लागते. रमाबाईंचे बिनसले ते इथेच.

रमाबाई इंग्लंडला कशा पोहोचल्या?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना दिले. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराण सांगत देशभर फिरे. म्हणजे लोकांसमोर बसून शास्त्र सांगण्याचे शिक्षण रमाबाईंना कोणत्याही चर्चच्या कितीतरी आधी, आईवडिलांकडूनच मिळाले होते. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि पुढच्याच वर्षी पती कॉलऱ्याने दगावले. पुण्यात येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली. या पुस्तकाच्या उत्पन्नातून त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडचा प्रवास केला. वाँटेज येथील ज्या भगिनीसंघाचे काम पुण्यातही होते, तिथे त्या राहिल्या. भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात आपण शिकायचे, असा हा व्यवहार होता. डॉक्टर होण्याची इच्छा वाढत्या बहिरेपणामुळे सोडावी लागली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यामागे नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे यांच्या विचारांचाही प्रभाव होता. गोऱ्हे हे स्वतः अँग्लिकन धर्मगुरू झालेले मराठी पंडित.

१८८५ मध्ये नेमके काय बिनसले?

रमाबाई तेव्हा चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. प्राचार्या डोरोथिया बील यांना त्यांची योग्यता दिसत होती. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात, असा विचार पुढे आला. वाँटेजच्या मंडळींनी मुंबई आणि लाहोरच्या बिशपांना विचारले आणि दोघांनीही हरकत घेतली. अशाने भारतात त्यांच्याविषयी गैरसमज होईल आणि पुढच्या कामाला बाधा येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

हे ऐकून रमाबाई चकित झाल्या. वडील, भाऊ, पती यांपैकी कोणीही त्यांना पुरुषांसमोर बोलण्यापासून अडवले नव्हते. कलकत्त्यात आणि पुण्यात त्यांनी पुरुषांच्या सभांत भाषणे केली होती. जे स्वातंत्र्य सनातन्यांचा रोष पत्करून मिळवले, ते नव्या धर्मात येऊन गमवायचे त्यांना मान्य नव्हते. विवेकाला पटेल तेच मानायचे, ही त्यांची भूमिका पत्रव्यवहारात ठाम दिसते.

वाद एवढ्यावर थांबला नाही. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांना शंका होत्या. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहोत, एखाद्या पंथाच्या धर्मगुरूंच्या अर्थनिर्णयाला बांधलेल्या नाही, असे त्या म्हणत. क्रूसावरील लॅटिन अक्षरांवरूनही खटका उडाला. लॅटिन पवित्र आणि संस्कृत नाही, हे त्या संस्कृत पंडितेला कसे पटावे? त्यांच्या धर्ममाता समजल्या जाणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना हे सारे अहंकाराचे लक्षण वाटे. आज तो पत्रव्यवहार वाचताना मात्र जेराल्डीन यांची कळकळही खोटी वाटत नाही. आपल्या शिष्येची श्रद्धा डळमळेल, ही त्यांची भीती खरी होती.

केडगावात काय वेगळे घडले?

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे त्यांनी निधी उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढे ते पुण्याला हलले. संस्थेत धर्मप्रसार होणार नाही, असे आश्वासन होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्यावर १८९३ मध्ये वादळ उठले आणि न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. रमाबाईंचे उत्तर असे, की प्रार्थना त्यांच्या स्वतःच्या खोलीत होत असे आणि त्या खोलीचे दार त्यांनी कधी बंद ठेवले नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. या मुलींसाठी दौंडजवळच्या केडगावात ‘मुक्ती’ उभी राहिली. शेती, विणकाम, दूधदुभते, छपाई असे उद्योग तिथे शिकवले जात. त्याच जोडीला मुलींना बायबलचे पद्धतशीर शिक्षण मिळे. मुक्तीचे चर्च कोणत्याही एका पंथाचे नव्हते. मदतीला आलेल्या मिनी अब्राम्स मेथॉडिस्ट होत्या.

१९०५ मध्ये रमाबाईंनी आसपासच्या खेड्यांत जाऊन सांगण्यासाठी स्वयंसेविका मागितल्या, तेव्हा सुमारे ३० तरुणी पुढे आल्या. काही वर्षांपूर्वी दुष्काळातून वाचलेल्या मुली आता गावोगाव जाऊन प्रवचन करू लागल्या. त्यांना परवानगी देणारा बिशप नव्हता. पण त्यांनी काय शिकायचे, कुठे जायचे हे ठरवणाऱ्या रमाबाई होत्या आणि त्यांची शिस्तही कडक होती.

चर्च पुढे बदलले का?

फार सावकाश. चर्च ऑफ इंग्लंडने स्त्रियांना रीडर म्हणून स्वीकारले ते १९६९ साली. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि आपल्याकडची अँग्लिकन मंडळी इतर पंथांसह त्यात विलीन झाली.

रमाबाईंचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी झाले. त्याआधी नऊ महिन्यांपूर्वी मनोरमाही गेली होती. रूढ मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बाईला कळत नाही, म्हणून संस्कृतच्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत भाषांतर केले होते. शेवटची मुद्रिते तपासूनच त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यात तयार झाला. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले.