राजे मालोजीराव घोरपडे आणि मुधोळचा शिकारी कुत्रा

आपल्या धर्माबादकडे मुधोळ म्हटले की कोणालाही बासरच्या पलीकडचे मुधोळ आठवते. ते साहजिकच आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो तालुका नांदेड जिल्ह्यातच होता आणि आजही दोन्हीकडच्या सोयरिकी टिकून आहेत. पण ज्या मुधोळच्या नावाने एक शिकारी कुत्रा साऱ्या देशात ओळखला जातो, ते मुधोळ वेगळे. ते कर्नाटकात, घटप्रभा नदीच्या खोऱ्यात, आजच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथे एके काळी घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते. त्या संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांच्या चरित्रातील एक पान येथे सांगावयाचे आहे. राजेलोकांची चरित्रे बहुधा लढायांनी किंवा इमारतींनी भरलेली असतात. मालोजीरावांचे नाव मात्र एका मुक्या जनावरामुळे लोकांच्या ओठांवर राहिले, आणि ते जनावर राजवाड्यात जन्मलेले नव्हते.

मुधोळ हे गाव तसे फार जुने. कन्नडमधील थोर जैन कवी रन्न दहाव्या शतकात याच परिसरात जन्मला. ज्या कल्याणी चालुक्यांनी त्याला आश्रय दिला, त्यांचीच सत्ता आपल्या मराठवाड्यावरही होती. पुढे बहामनी काळात घोरपड्यांचा उदय झाला. खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, सर करताना या घराण्याच्या पूर्वजाने घोरपडीच्या साह्याने कडा चढला आणि त्यावरून घराण्याला हे नाव पडले, अशी कुलपरंपरा आहे. ती मोहीम बिदरच्या महमूद गवानाची. मराठ्यांच्या इतिहासात मुधोळचे नाव येते ते मात्र कडवट आठवणीने. 1648 साली जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करण्यात बाजी घोरपडे पुढे होते, आणि 1664 साली शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्यांचा शेवट केला. पुढे पेशवाई आली, ती गेली आणि इंग्रजी अंमलात मुधोळ हे दक्षिण महाराष्ट्रातील एक लहानसे संस्थान म्हणून उरले. 1901 च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या त्रेसष्ट हजारांच्या घरात होती. राजाला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. प्रजेची भाषा मुख्यतः कन्नड आणि राजघराणे मराठी, असा हा सरहद्दीवरचा संसार होता.

अशा या संस्थानच्या घराण्यात 1884 साली मालोजीरावांचा जन्म झाला. घरात त्यांना नानासाहेब म्हणत. 1900 साली व्यंकटरावांच्या मागे ते गादीवर आले तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. त्या काळच्या संस्थानिकांना शिकारीचा शौक असणे हे नवल नव्हते. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराज चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. बऱ्याच संस्थानिकांकडे विलायतेहून मागविलेली कुत्री असत. त्यांच्या वंशावळीचे कागद बरोबर येत, त्यांना सांभाळण्यास माणसे ठेवलेली असत. तरुण मालोजीरावांना असली कुत्री मागविणे कठीण नव्हते. त्यांची नजर मात्र आपल्याच मुलखाकडे वळली.

मुधोळच्या माळरानावर बेडर लोकांची वस्ती होती. यांनाच मराठीत बेरड म्हणतात. या शब्दाचा आपल्या भाषेत काय अर्थ होऊन बसला आहे हे वाचकांना सांगावयास नको. एका शूर जमातीच्या नावाचीच आपण शिवी करून टाकली. याच मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेडरांनी 1857 साली सरकारचा निःशस्त्रीकरणाचा कायदा मानण्यास नकार दिला होता. हत्यार हे त्यांच्या पोटाचे आणि अब्रूचे साधन होते. फौज आली, गाव जाळपोळीत होरपळले, कित्येकांना फासावर चढविण्यात आले. हलगलीच्या बेडरांवरचे कन्नड पोवाडे पुढे फार दिवस गायले जात होते. मालोजीराव गादीवर आले ते या घटनेनंतर अर्ध्या शतकाच्या आतच. ज्यांनी तो उठाव पाहिला होता असे म्हातारे तेव्हा गावोगाव हयात असतील. बंदुकीला परवाना लागत होता, कुत्र्याला मात्र लागत नव्हता.

या बेडरांजवळ एक निराळाच कुत्रा होता. लांबट निमुळते तोंड, उंच सडपातळ पाय, खोल छाती, पाठीला लागलेले पोट, अंगावर आखूड तुळतुळीत केस आणि चाबकासारखी शेपटी. नर खांद्याशी सुमारे सत्तावीस इंच उंच भरे. हा कुत्रा वासावर माग काढीत बसत नाही, तो डोळ्यांनी शिकार टिपतो. निमुळत्या डोक्यावर डोळे अशा रीतीने बसलेले असतात की त्याला समोरचा आणि दोन्ही बाजूंचा फार मोठा मुलूख एकदम दिसतो. भरधाव पळताना एका झेपेत दोन वेळा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात. उघड्या माळावर उठलेल्या सशाला गाठावयाचे तर हेच अंग हवे. अरबस्तानातील सलुकी, मध्य आशियातील ताझी हे त्याचे भाऊबंद समजले जातात. व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, हे कुत्रे दक्षिणेत आले म्हणून त्यांना कारवान किंवा कारवानी म्हणतात. कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखे लांब केस असले की तो पश्मी. लातूर, सोलापूरकडे ही दोन्ही नावे आजही खेड्यांतून ऐकू येतात.

मालोजीरावांनी शिकारीस जाताना बेडरांची ही कुत्री धावताना पाहिली आणि त्यांचे मोल ओळखले. हे ओळखणे हाच त्यांच्या चरित्रातील महत्त्वाचा क्षण म्हणावा लागेल. गावकुसाबाहेरच्या झोपडीसमोर बसलेल्या, फासळ्या दिसणाऱ्या कुत्र्याकडे पाहून बहुतेकांना उपासमार आठवली असती. राजेसाहेबांना त्यात जातिवंतपणा दिसला. त्यांनी अशी चांगली कुत्री जमविली आणि निवडक पैदास सुरू केली.

निवडक पैदास म्हणजे काय, हे आपल्या भागातील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी ही गुरे काही आपोआप झालेली नाहीत. कोणता खोंड वळू म्हणून राखावयाचा आणि कोणता बैल करावयाचा, याचा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी डोळ्यांत तेल घालून केला, तेव्हा ही वाणे उभी राहिली. कुत्र्याचेही तसेच. वेग असलेला पण लवकर दमणारा नर चालत नाही. दम असलेला पण नजर मंद असलेलाही चालत नाही. मादीच्या अंगी असलेला दोष पिलांत उतरतो. फार जवळच्या नात्यात जोड लावली तर रूप पक्के होते, पण त्याबरोबर लपलेले रोगही पक्के होतात. दूरचा रोग नसलेला रक्तसंबंध आणावा तर रूप बिघडण्याची भीती. या दोन्हींचा तोल सांभाळीत, प्रत्येक पिढीत परीक्षा घेत पुढे जावे लागते. बेडर ही परीक्षा रोजच घेत. ज्या कुत्र्याला ससा गाठता येत नाही त्याला खाऊ घालण्याची गरिबाची ऐपत नसते, मग त्याचा वंश वाढविणे तर दूरच. राजेसाहेबांनी या कठोर कसोटीतून आलेल्या वाणाला राजाश्रय दिला, विखुरलेले रक्त एकत्र केले.

पुढे राजेसाहेब इंग्लंडला गेले असता त्यांनी पंचम जॉर्ज यांना या कुत्र्यांची एक जोडी भेट दिली, आणि तेथपासून मुधोळ हाऊंड हे नाव रूढ झाले, असे सांगतात. भेट म्हणून हिरेमाणके नेणारे संस्थानिक पुष्कळ होते. आपल्या माळावरचा कुत्रा घेऊन जाण्यास मनाचा एक वेगळाच विश्वास लागतो. 1920 साली मालोजीरावांना सर ही पदवी मिळाली. पण पदवी विस्मृतीत गेली आणि कुत्रा स्मरणात राहिला.

याच जातीची एक गोष्ट इंग्लंडातही घडलेली आहे. जॉन रसेल नावाचा एक विद्यार्थी ऑक्सफर्डला शिकत होता. 1819 साली त्याने एका गवळ्याजवळ पांढऱ्या रंगाची एक लहानशी टेरियर कुत्री पाहिली आणि तेथल्या तेथे विकत घेतली. तिचे नाव ट्रम्प. कोल्ह्याच्या बिळात शिरणाऱ्या टेरियरांचा एक प्रसिद्ध वंश तिच्यापासून उभा राहिला. रसेल पुढे डेव्हन परगण्यात पाद्री झाला, 1873 साली स्थापन झालेल्या केनेल क्लबचा तो संस्थापक सभासद होता, तरीही आपली कुत्री त्याने प्रदर्शनात मांडली नाहीत. काम करणाऱ्या कुत्र्याची किंमत कामात, असा त्याचा दंडक. 1883 साली तो वारला. आज जॅक रसेल टेरियर जगभर ठाऊक आहे. पण त्या गवळ्याचे नाव काय होते? ते कोणी लिहून ठेवले नाही. मुधोळच्या बेडरांचेही तसेच झाले. राजाचे नाव राहिले, गावाचे नाव राहिले. ज्यांच्या ताटातील भाकरीच्या तुकड्यावर हा वंश जगला त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्यास सांगता येत नाही.

मालोजीरावांच्या आयुष्यात याच्या जोडीला ठेवण्यासारखी दुसरी एक गोष्ट आहे. स्वतःच्या घराण्याच्या वंशावळीबद्दल ते फार जागरूक होते. घराण्याच्या दप्तरात बहामनी आणि आदिलशाही काळातील म्हणून फारसी फर्माने जपलेली होती. त्यांच्या आधारे घोरपडे आणि भोसले ही दोन्ही घराणी मेवाडच्या सिसोदियांपासून निघाली असे मांडले जात होते. त्यांच्याच कारकीर्दीत, 1934 साली, इतिहाससंशोधक द. वि. आपटे यांनी मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास या फर्मानांसह प्रसिद्ध केला. पुढे काही नामवंत इतिहासकारांनी यांतील जुन्या फर्मानांच्या खरेपणाबद्दल शंका घेतली, आणि तो वाद पुष्कळ रंगला. येथे त्या वादाचा निवाडा करावयाचा नाही. मनात येते ते इतकेच की मोहोरबंद कागदांनी सांगितलेल्या वंशावळीवर पंडितांचे एकमत झाले नाही, आणि ज्या कुत्र्यांच्या वंशाचा एक चिटोराही बेडरांजवळ नव्हता त्यांच्या जातिवंतपणाबद्दल मात्र कोणालाच शंका आली नाही. त्याचा दाखला माळावर दर सकाळी नव्याने मिळत होता.

1937 साली मालोजीरावांची कारकीर्द संपली आणि बालवयाचे भैरवसिंहराव गादीवर आले. 1948 च्या मार्च महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. 1956 साली मुधोळ म्हैसूर राज्यात गेले. म्हणजे आपल्या शेजारचे मुधोळ ज्या वर्षी नांदेडपासून तुटले, त्याच वर्षी हे दुसरे मुधोळही मराठी राज्यकारभारापासून वेगळे झाले. राजाश्रय गेला. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आली, आणि ती यावयास हवीच होती. पण त्यामुळे ज्या कामासाठी हा कुत्रा घडला ते कामच उरले नाही. विलायती जातींची हौस वाढली, हवी तशी जोड लावून पिले विकली जाऊ लागली, रक्त भेसळले.

तरीही वंश बुडाला नाही, कारण मुधोळच्या आसपासच्या खेड्यांतील आणि आपल्याकडील लातूर-सोलापूरच्या वस्त्यांवरील शेतकऱ्यांनी, धनगरांनी राखणीसाठी ही कुत्री ठेवली. पुढे सरकारचेही लक्ष गेले. 2005 च्या जानेवारीत डाक विभागाने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा कुत्रा होता. मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे कुत्र्यांसाठी संशोधन केंद्र निघाले. भारतीय सेनेने आपल्या मेरठच्या केंद्रात या जातीला शिक्षण देऊन पाहिले. 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात देशी कुत्र्यांचे कौतुक करताना मुधोळचे नाव घेतले.

मालोजीरावांचे चरित्र वाचून आपण काय घ्यावे? त्यांनी हा कुत्रा निर्माण केला असे म्हणणे बेडरांवर अन्याय करणारे होईल. त्यांनी काही केलेच नाही असे म्हणणेही खरे होणार नाही. आपल्या उंबरठ्याबाहेर, आपण ज्यांना हिणवतो त्यांच्या दारात, काही अस्सल असू शकते हे त्यांनी पाहिले आणि ते मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. राजाच्या मोठेपणाचे एवढे माप पुरेसे आहे. सुगी झाल्यावर गोदाकाठच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसविण्यास धनगर येतात. त्यांच्याबरोबर एखादा लांब तोंडाचा, पोट आत गेलेला कुत्रा दिसला, तर त्याला हाड म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि तो कोणत्या वाणाचा हे विचारताना, तो सांभाळणाऱ्याचे नावही विचारून घ्यावे.