थोरल्या किपलिंगांची माती

मुंबईत किपलिंग हे नाव उच्चारले, की ‘जंगल बुक’चे लेखक रुडयार्ड आठवतात. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग मात्र विस्मृतीत गेले आहेत. या शहराशी त्यांचे नाते जडले ते मातीमुळे.

लॉकवुड यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी इंग्लंडमधील पिकरिंग येथे झाला. १८५१ चे लंडनचे महाप्रदर्शन पाहून ते कलेकडे ओढले गेले आणि बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी पिंडर, बोर्न यांच्या कारखान्यात उमेदवारी करू लागले. झिलईचा खरा रंग भट्टीतच उमटतो. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा किंवा मँगनीजचा तपकिरी कसा उतरेल, हे मातीच्या लहान तुकड्यांवर लेप देऊन, ते भाजून पाहिल्याखेरीज कळत नाही. चुकेल ते टाकून पुन्हा करण्याची सवय त्यांच्या हाताला लागली ती अशाच व्यवसायात.

१८६५ मध्ये ॲलिस मॅक्डोनाल्ड यांच्याशी विवाह करून ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुशिल्प शिकवण्यासाठी आले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला रुडयार्ड यांचा जन्म झाला. उठावशिल्पासाठी मळलेली माती पाटासारखी सपाट करावी लागते, तिच्यावर मातीचेच थर चढवून आकृती घडवावी लागते. पाटी पातळ असेल आणि घाईने वाळली, तर ती वाकते किंवा तडकते. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा ज्योतिबा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारांवरील उठावशिल्पे लॉकवुड यांचीच. त्यांत राजे नाहीत, श्रमणारी साधी माणसे आहेत.

यंत्राचा माल देशी कारागिराच्या पोटावर येत असताना विलायती कलाशाळेने त्याचा हातही बिघडवावा काय, हा त्या काळचा खरा प्रश्न होता. सरकारी सेवेत असूनही लॉकवुड कारागिराच्या बाजूने उभे राहिले. १८७० नंतर उत्तर भारतात फिरून त्यांनी विणकर, सुतार, कुंभार कामात असताना चितारले. त्याच दशकात शाळेचे अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम सुरू केले. सिंधची झिलई आणि अजिंठ्याची नक्षी त्या भांड्यांवर एकत्र आली.

१८७५ मध्ये लॉकवुड लाहोरला गेले. तेथील मेयो कलाशाळा आणि संग्रहालय यांची धुरा त्यांनी वाहिली. निवृत्तीनंतर मायदेशी परतल्यावरही माती सुटली नाही. मुलाच्या ‘किम’ या १९०१ च्या कादंबरीसाठी त्यांनी रेखाचित्रे काढली नाहीत. मातीत उठावचित्रे घडवून त्यांची छायाचित्रे पुस्तकात छापली गेली. मुलाच्या शब्दांतला हिंदुस्थान वडिलांच्या बोटांतून असा साकारला.

२६ जानेवारी १९११ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. मंडईत शिरणाऱ्या गर्दीच्या डोक्यावर त्यांनी घडवलेली कष्टकरी माणसे मात्र आजही उभी आहेत.