वल्ही, पंख आणि 'हौशी'पणाची भिंत

क्रीडांगणावर सर्व समान असतात, हे वचन ऐकावयास गोड असले तरी इतिहासाच्या कसोटीस ते नेहमीच उतरत नाही. इंग्लंडचे नामांकित नौकानयनपटू एवर्ट हॉर्सफॉल यांचे जीवन या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८९२ साली लिव्हरपूल येथे जन्मलेल्या हॉर्सफॉल यांचे शिक्षण ईटन व ऑक्सफर्ड येथे झाले. त्या काळी इंग्लंडमधील नौकानयनावर 'हौशी' या शब्दाचे कडक राज्य होते. हातांनी काम करून मजुरी मिळविणारा कारागीर वा कामगार हौशी मानला जात नसे. हेन्लीच्या प्रतिष्ठित शर्यतींचे दार त्याला बंद असे. ज्याचे बाहू श्रमाने बळकट झाले, नेमका तोच अपात्र! हॉर्सफॉल यांच्यापुढे ही अडचण नव्हती. १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये लिअँडर क्लबच्या आठ वल्ह्यांच्या नौकेतून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. अंतिम शर्यतीत प्रतिस्पर्धीही ऑक्सफर्डच्याच न्यू कॉलेजचे होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दोनच वर्षांनी महायुद्ध पेटले. हॉर्सफॉल सैन्यात दाखल झाले आणि पुढे रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये गेले. १९१६ मध्ये मिलिटरी क्रॉस व १९१८ मध्ये डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस ही शौर्यपदके त्यांना लाभली. स्टॉकहोमच्या नौकेचे कर्णधार ॲलिस्टर कर्बी मात्र १९१७ मध्ये सैन्यसेवेत असतानाच आजाराने निवर्तले. मृत्यूने कोणाचे कुळ वा विद्यापीठ विचारले नाही.

१९२० साली अँटवर्प येथे हॉर्सफॉल पुन्हा आठ जणांच्या नौकेत बसले. अमेरिकेच्या नाविक दलाच्या संघाने त्यांना अवघ्या काही सेकंदांनी मागे टाकले आणि रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. त्याच स्पर्धेत एकेरी शर्यत जिंकली ती जॉन केली या अमेरिकनाने. एकेकाळी गवंडीकाम केलेल्या केलींना त्याच वर्षी हेन्लीत प्रवेश नाकारण्यात आला होता.

श्रमिकांना वगळणारा नियम अखेर १९३७ मध्ये रद्द झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश नौकानयन संघाचे व्यवस्थापक हॉर्सफॉल होते. शर्यती हेन्लीलाच झाल्या. दुहेरी शर्यतीचे सुवर्णपदक ज्या जोडीने मिळविले, त्यात रिचर्ड बर्नेल हे ईटन-ऑक्सफर्डचे, तर बर्ट बुशनेल हे जहाजांच्या इंजिनांचे काम शिकलेले कारागीर होते.

१९७४ मध्ये हॉर्सफॉल यांचे निधन झाले. त्यांचे कर्तृत्व वादातीत आहे. पण ज्या दारातून ते सहज आत गेले, त्याच दाराबाहेर किती गुणवंत अडून राहिले, याचा हिशेब कोणत्याही पदकतालिकेत सापडत नाही. संधीच मर्यादित असेल, तर विजेता सर्वांत श्रेष्ठ होता की केवळ आत येऊ दिलेल्यांमध्ये श्रेष्ठ होता, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.