तापीकाठच्या डॉक्टर रखमाबाई



आपल्या प्रकाशावरून वाहणारी तापी पुढे सुरतेस जाते. त्या सुरतेत १८९५ साली एक महाराष्ट्रीय स्त्री डॉक्टर रुजू झाल्या. त्यांचे नाव रखमाबाई.

त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. अकराव्या वर्षी लग्न झाले. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाचून शिकल्या. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये निकाल लागला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करला! पुढच्या वर्षी तडजोड होऊन त्या सुटल्या.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पेची यांनी धीर दिला, हितचिंतकांनी पैसा उभा केला. १८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या. तेथे नुसत्या पाठांतराने भागत नव्हते. रॉयल फ्री रुग्णालयात रोग्याच्या खाटेशेजारी उभे राहून शिकावे लागे. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. सुरतेत आणि मग राजकोटच्या जनाना रुग्णालयात त्यांनी तीन तपांहून थोडी कमी सेवा केली. १९५५ साली त्या निवर्तल्या.

पालकहो, नंदुरबारातच २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मुलगी दहावी झाली की लग्नाची घाई करण्यापूर्वी रखमाबाईंची आठवण करा.